सुरक्षेसाठी थर्मल कॅमेरा: निवड, मांडणी, तपासणी आणि चित्राचा अर्थ

थर्मल कॅमेरा तापमान पाहतो, हा त्याच्याविषयीचा सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो समोरच्या पृष्ठभागावरून येणारी अवरक्त किरणे मोजतो आणि त्या मोजमापावरून तापमानाचा हिशेब मांडतो. हा फरक वरवर शब्दच्छलासारखा वाटतो. परंतु तापलेली चकचकीत तांब्याची पट्टी पडद्यावर थंड का दिसते, काचेपलीकडचा माणूस का दिसत नाही आणि पत्र्याच्या दारावर कधीकधी आपलीच उष्ण आकृती का उमटते, या सर्व प्रश्नांचे उत्तर त्याच फरकात आहे. पुढील प्रत्येक पायरी हे ध्यानात ठेवून वाचावी.

मूलतत्त्व थोडक्यात सांगतो. १८०० मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवला आणि तेथे प्रकाश दिसत नसतानाही पारा चढतो, असे त्यांना आढळले. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या वर असलेली प्रत्येक वस्तू अशी किरणे सतत बाहेर टाकत असते. माणसाच्या त्वचेच्या तापमानाला या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो, तर आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर एवढाच पट्टा दिसतो. सुरक्षेच्या कामातील बहुतेक थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतात आणि त्यांचा डिटेक्टर, म्हणजे किरणे टिपणारा भाग, थंड ठेवावा लागत नाही. रात्री लहान लाल दिव्यांनी उजळणारे सीसीटीव्ही कॅमेरे याहून वेगळे असतात. ते साधारण ०.८५ मायक्रोमीटरचा प्रकाश स्वतः टाकतात आणि परतलेला प्रकाश टिपतात, म्हणजे तो एक प्रकारचा अदृश्य टॉर्चच असतो. खरेदीच्या वेळी या दोन गोष्टींची गल्लत फार होते, कारण दोन्हींच्या खोक्यावर ‘इन्फ्रारेड’ हा शब्द छापलेला असतो.

पायरी १: प्रश्न आधी, कॅमेरा नंतर

कॅमेऱ्याने नेमके काय सांगावे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘आवारात रात्री कोणी शिरले तर कळावे’ हा एक प्रश्न झाला, ‘कोण शिरले ते कळावे’ हा दुसरा. पहिला प्रश्न थर्मल कॅमेरा उत्तम सोडवतो; दुसरा तो सोडवत नाही, कारण थर्मल चित्रात चेहरा ओळखण्याजोगे तपशील सहसा उरत नाहीत. त्यामुळे ओळख पटवणे आवश्यक असेल, तेथे थर्मल कॅमेऱ्याने इशारा द्यावा आणि शेजारच्या साध्या कॅमेऱ्याने चित्र टिपावे, अशी जोडी करावी लागते.

त्याचप्रमाणे ‘फरक दिसला की पुरे’ आणि ‘अंशांत आकडा हवा’ यांतही फरक करावा. कुंपणावर पहिले पुरते. विद्युत पॅनेलच्या तपासणीत आणि आग लागण्यापूर्वीच्या देखरेखीत दुसरे लागते; त्यासाठी रेडिओमेट्रिक, म्हणजे चित्रातील प्रत्येक पिक्सेलचे तापमान साठवणारा कॅमेरा घ्यावा. अशा सर्वसाधारण कॅमेऱ्यांची अचूकता बहुधा अधिकउणे २ अंश किंवा २ टक्के, यांपैकी जे मोठे असेल ते, अशी दिलेली असते.

पायरी २: तांत्रिक आकडे वाचायला शिकणे

विक्रीपत्रकावरील तीन आकडे खरोखर कामाचे असतात. पहिला डिटेक्टरच्या पिक्सेलसंख्येचा: १६० × १२०, ३८४ × २८८, ६४० × ५१२ वगैरे. पडद्याचे रिझोल्यूशन मोठ्या अक्षरांत आणि डिटेक्टरचे बारीक अक्षरांत छापलेले असेल, तर बारीक अक्षरेच वाचावीत. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, ज्याला एनईटीडी म्हणतात. ५० मिलिकेल्विन म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरक कॅमेरा स्वतःच्या गोंगाटापासून वेगळा काढू शकतो. हा आकडा जितका लहान तितका चांगला, आणि पावसाळी, दमट हवेत त्याचे महत्त्व विशेष जाणवते. तिसरा आकडा लेन्सच्या केंद्रांतराचा, म्हणजे फोकल लेंग्थचा, जो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो.

अंतराचा हिशेब याच आकड्यांतून निघतो आणि तो कागदावर स्वतः करून पाहावा. पिक्सेलची रुंदी १२ मायक्रोमीटर आणि लेन्स २५ मिलिमीटरची असेल, तर १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटिमीटर जागा व्यापतो. अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांवरून पुढे रूढ झालेली पद्धत अशी: माणसाचे परिणामी माप ०.७५ मीटर धरायचे, त्यावर दीड पिक्सेल पडले तर ‘काहीतरी आहे’ एवढे कळते, सहा पडले तर ‘माणूस आहे, जनावर नाही’ हे कळते, आणि बारा पडले तर त्याच्या हालचाली व हातातील वस्तू यांचा अंदाज येतो. वरील कॅमेऱ्यासाठी ही अंतरे अनुक्रमे सुमारे १,०४०, २६० आणि १३० मीटर निघतात. जाहिरातीत ठळकपणे छापलेले अंतर बहुतेक वेळा यांतील पहिले असते. दीड पिक्सेलच्या ठिपक्यावर रखवालदाराला रात्री तीन वाजता निर्णय घ्यायचा नसतो, म्हणून आखणी करताना दुसरे अंतर धरावे आणि तेही निरभ्र हवेतील आहे, हे विसरू नये.

पायरी ३: कुंपणावरील मांडणी

येथे जरा थांबून काम करावे, कारण बहुतेक फसलेल्या यंत्रणा मांडणीत फसतात. वरचाच कॅमेरा, ६४० × ५१२ पिक्सेलचा, ५ मीटर उंच खांबावर बसवला आणि चित्राची वरची कड क्षितिजाला टेकेल एवढा खाली झुकवला, असे समजा. त्याचे उभे दृष्टिक्षेत्र सुमारे १४ अंश असते, म्हणून खालची कड जमिनीला सुमारे २० मीटरवर टेकते. त्या अलीकडचे सर्व काही, म्हणजे खांबाचे बूडसुद्धा, कॅमेऱ्याला दिसत नाही. खांबाखालचा हा अंधार शेजारच्या कॅमेऱ्याने झाकायचा असतो. प्रत्येक कॅमेऱ्याची पाठ दुसऱ्याने राखावी, अशी साखळी आखली की फट राहत नाही. आडवे दृष्टिक्षेत्र १७.५ अंश असल्यामुळे २६० मीटरवर सुमारे ८० मीटर रुंदी दिसते. त्यामुळे कॅमेरा कुंपणाच्या रेषेच्या दिशेने रोखावा. कुंपणाला काटकोनात रोखल्यास तीच लांबी झाकायला कितीतरी अधिक कॅमेरे लागतात.

कॅमेरा बसवताना सूर्य पहाटे आणि संध्याकाळी चित्रात येणार नाही, अशी दिशा निवडावी. सूर्यबिंब थेट लेन्समध्ये राहिल्यास डिटेक्टरवर त्याचा डाग काही काळ, क्वचित कायमचा, उरतो. आणखी एक चूक अगदी हमखास घडते: महागडा कॅमेरा पावसापासून वाचावा म्हणून त्याला साध्या काचेच्या खिडकीच्या पेटीत बसवतात. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या किरणांना साधी काच भिंतीसारखी असते. कॅमेऱ्याला केवळ त्या काचेचे तापमान आणि स्वतःचे धूसर प्रतिबिंब दिसते. म्हणूनच या कॅमेऱ्यांची लेन्स बहुधा जर्मेनियमची असते आणि संरक्षक खिडकीही तशाच पारगामी पदार्थाची घ्यावी लागते.

पातळ प्लास्टिकचे मात्र उलट असते. पॉलिथिनचा पातळ कागद डोळ्यांना अपारदर्शक असला, तरी या किरणांना तो बराचसा आरपार असतो. १९ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनमध्ये बॉस्टन मॅरेथॉन शर्यतीतील बॉम्बस्फोटाचा संशयित एका अंगणातील झाकलेल्या बोटीत लपला होता आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरवरील थर्मल कॅमेऱ्याने त्याची आकृती आच्छादनातून टिपली. ती दृश्ये जगभर पाहिली गेली. परंतु बोटीकडे लक्ष वेधले ते आच्छादन विस्कटलेले पाहून संशय आलेल्या बोटीच्या मालकाने. कॅमेऱ्याने ते पक्के केले. तंत्राकडून नेमकी एवढीच अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटते.

पायरी ४: चालून पाहणे

यंत्रणा बसवल्यावर ठेकेदार दिवसाढवळ्या एक माणूस चालवून दाखवतो आणि सही घेतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. दिवसातून दोनदा, सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या सुमारास, वस्तू आणि पार्श्वभूमी यांची तापमाने एकमेकांना ओलांडतात आणि त्या काळात चित्रातील उठाव जवळजवळ नाहीसा होतो. तापलेल्या दुपारीही असेच होते: त्वचेचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, आणि भिंत किंवा जमीन तेवढीच तापली की उघड्या हातापायांचा माणूस तिच्यात विरून जातो. त्याहून अधिक तापली तर तोच माणूस गरम पार्श्वभूमीवर थंड आकृती म्हणून दिसतो. ‘पांढरे ते गरम’ एवढेच शिकलेला पहारेकरी त्याला ओळखत नाही.

म्हणून चाचणी पहाटे, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि मध्यरात्री अशी चार वेळा घ्यावी. प्रत्येक वेळी एका माणसाने कुंपणालगत चालावे, धावावे, रांगावे आणि घोंगडी पांघरून हळूहळू सरकावे. कोणत्या ठिकाणी इशारा वाजला नाही, ते आवाराच्या नकाशावर पेन्सिलने खुणावे. पाऊस व दाट धुके मिळेल तेव्हा चाचणी पुन्हा घ्यावी; विरळ धुक्यातून थर्मल कॅमेरा साध्या कॅमेऱ्याहून दूरचे पाहतो, परंतु दाट धुक्यातील जलकण ही किरणेही अडवतात. कुत्री, पक्षी आणि झुडपांमुळे येणारे खोटे इशारे पहिल्या महिन्यात मोजून ठेवावेत आणि आकार व वेगाच्या मर्यादा त्यांवरून बसवाव्यात. रोज चाळीस वेळा उगाच वाजणारा अलार्म पहारेकरी आठवड्याभरात बंद करून टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पायरी ५: विद्युत पॅनेलची तपासणी

थर्मल कॅमेऱ्याचा सर्वांत जास्त फायदा, माझ्या मते, चोर पकडण्यात नसून ढिले जोड पकडण्यात आहे. ढिल्या किंवा गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, विद्युतप्रवाह त्यातून जाताना उष्णता निर्माण होते आणि ती पुष्कळदा आग लागण्याच्या कितीतरी आधी दिसू लागते.

तपासणी विजेच्या कामाची पात्रता असलेल्या व्यक्तीनेच करावी, कारण पॅनेल चालू स्थितीत पाहावे लागते आणि झाकण उघडताना विद्युत ठिणगीच्या स्फोटाचा धोका असतो. कॅमेरा लांबून काम करत असला, तरी झाकण हातानेच उघडावे लागते. शक्य तेथे पॅनेलला अवरक्त किरणांसाठीची तपासणी खिडकी कायमची बसवून घ्यावी.

भार निर्धारित क्षमतेच्या किमान ४० टक्के असताना पाहावे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १०० अँपिअरच्या जोडातून ५० अँपिअर जात असताना १२ अंशांची वाढ दिसली, तर पूर्ण भाराला ती ढोबळमानाने चौपट, म्हणजे ४८ अंशांपर्यंत जाऊ शकते. गरम पृष्ठभाग अधिक वेगाने उष्णता गमावतो, म्हणून प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते. तरी कमी भाराला दिसलेला लहान फरक लहान समजू नये, हे त्यातून कळते.

आता चित्र जवळून पाहू. तीन फेजच्या ब्रेकरवर तीन लग, म्हणजे वायरीचे टोक जोडायचे धातूचे तुकडे, शेजारी शेजारी आहेत. तिन्हींतून जवळजवळ सारखा प्रवाह जातो आहे, हे क्लॅम्पमीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने, तपासले आहे. पहिला ४६ अंश, दुसरा ४७, तिसरा ७१. तिसऱ्याची उष्णता लगपाशी सर्वाधिक आहे आणि वायरीवर जसजसे पुढे जावे तसतशी ती उतरते. हा उतार म्हणजे जोड सदोष असल्याची खूण होय. याउलट वायर संपूर्ण लांबीभर सारखी गरम असेल, तर संशय जादा भाराचा घ्यावा. आणि संपूर्ण वायर शेजारणींपेक्षा थंड असेल, तर त्या फेजमध्ये प्रवाहच नाही का, हे पाहावे. आंतरराष्ट्रीय विद्युत चाचणी संघटना नेटा हिच्या प्रचलित कोष्टकानुसार सारख्या भाराच्या सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक असल्यास दोषाची शक्यता धरून तपास करावा, ४ ते १५ अंशांना दोष बहुधा आहे असे समजून दुरुस्ती आखावी, आणि १५ अंशांच्या वर ताबडतोब दुरुस्ती करावी. वरील उदाहरणात फरक २४-२५ अंशांचा आहे.

हा आकडा खरा आहे का, हे ठरवताना उत्सर्जनक्षमता, म्हणजे पृष्ठभाग स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात किती चांगली बाहेर टाकतो याचे ० ते १ मधील माप, आडवी येते. रंगवलेले पृष्ठभाग, रबर आणि काळी इन्सुलेशन टेप यांची उत्सर्जनक्षमता ०.९ च्या वर असते. चकचकीत अॅल्युमिनियम किंवा तांब्याची ०.१ पेक्षाही कमी. अशी पट्टी स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, आजूबाजूची मात्र आरशासारखी परतवते. त्यामुळे आकडा उघड्या धातूवर न घेता त्याला चिकटलेल्या इन्सुलेशनवर, रंगलेल्या भागावर किंवा बोल्टच्या खोबणीत घ्यावा. वीज बंद असण्याच्या काळात ठरावीक ठिकाणी टेपचे तुकडे चिकटवून ठेवले, तर पुढील प्रत्येक तपासणी सोपी होते. गरम ठिपका प्रतिबिंबाचा असल्याची शंका आली, तर एक पाऊल बाजूला सरकावे. ठिपका तुमच्याबरोबर सरकला, तर ती तुमचीच किंवा मागच्या दिव्याची उष्णता होती. मोजायचा भाग चित्रात किमान ३ × ३ पिक्सेल व्यापेल इतके जवळ राहणे किंवा तशी लेन्स वापरणेही आवश्यक आहे, नाहीतर बारीक जोडाचे तापमान भोवतालच्या थंडीत मिसळून कमी दिसते.

पायरी ६: आग लागण्यापूर्वी आणि लागल्यावर

कोळसा, कचरा आणि बॅटऱ्या यांच्या साठ्यांवर स्थिर रेडिओमेट्रिक कॅमेरा लावून ठरावीक मर्यादेवर इशारा बांधता येतो. मर्यादा एकच न ठेवता तापमान किती वेगाने चढते, यावरही इशारा ठेवावा. मधून जाणाऱ्या वाहनाचे गरम इंजिन अन्यथा रोज धावपळ घडवते. कॅमेरा ढिगाच्या पोटातील उष्णता पाहत नाही, ती पृष्ठभागापर्यंत किंवा एखाद्या भेगेतून बाहेर आली तरच दिसते, म्हणून उंच ढिगात तापमापकाच्या सळया खुपसण्याची जुनी पद्धत सोडू नये.

अग्निशमनात या कॅमेऱ्याने खरी क्रांती केली. धुराचे बहुतेक कण या किरणांच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असल्यामुळे किरणे धुरातून पार होतात आणि हात न दिसणाऱ्या खोलीत पडलेला माणूस दिसतो. जवानाने कॅमेरा बाहेरच चालू करून आत जावे. दारातून आधी छत, मग मधली उंची, शेवटी जमीन असे पाहावे आणि छताकडील गरम वायूंचा थर कोणत्या दिशेने वाहतो, ते ध्यानात घ्यावे. पाहून झाल्यावर कॅमेरा खाली करून भिंतीला धरून सरकावे, कारण पडद्याला डोळे लावून चालणारा माणूस जिन्याची कड चुकतो आणि बॅटरी संपल्यास परतीची वाटही विसरतो. आरसा, गुळगुळीत फरशी आणि काच यांत दिसलेला ‘माणूस’ पुष्कळदा आपणच असतो. पाण्याचा फवारा आणि दाट वाफ चित्र झाकोळून टाकतात. पडद्यावरील आकडा समोरच्या पृष्ठभागाचा असतो, खोलीतील हवेचा नव्हे. जमिनीवर गालिचा किंवा जाड फरशी असेल, तर खालच्या मजल्यावरील आग वरून थंड दिसू शकते. चित्र थंड आहे म्हणून जमीन भक्कम आहे, असे समजून पाऊल टाकल्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

साधा थर्मल कॅमेरा मिथेनची गळती दाखवत नाही. त्यासाठी सहसा ३.३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यावर बांधलेला, थंड ठेवलेल्या डिटेक्टरचा वेगळा कॅमेरा लागतो.

पायरी ७: ताप तपासणी आणि खासगीपणा

प्रवेशद्वारावरील ताप तपासणीबद्दल अपेक्षा मर्यादितच ठेवाव्यात. कपाळाचे तापमान ऊन, घाम आणि वाऱ्याने बदलते. म्हणून डोळ्याच्या आतील कोपऱ्याचे माप, चष्मा काढून, एका वेळी एकाच व्यक्तीचे आणि चित्रात ज्ञात तापमानाचा संदर्भस्रोत ठेवून घ्यावे. गर्दीवर कॅमेरा रोखून घेतलेले आकडे विश्वासार्ह नसतात. अधिक तापमान आढळल्यास वैद्यकीय तापमापकाने पुन्हा मोजावे. ताप नसलेला रुग्ण या चाळणीतून सहज निसटतो.

थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचे पाहत नाही, परंतु भिंतीच्या बाह्य तापमानावरून आत काय चालले आहे, याचा तर्क करता येतो. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायलो खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की पोलिसांनी सार्वजनिक वापरात नसलेल्या थर्मल उपकरणाने घराची पाहणी करणे ही झडतीच आहे आणि तिला वॉरंट लागते. कायदे देशोदेशी वेगळे असले, तरी आवारातील कॅमेरा शेजारच्या घरांवर रोखला जाणार नाही, एवढी आखणी पहिल्या दिवसापासून करावी आणि चित्रातील तो भाग झाकून ठेवावा.

पायरी ८: नोंद आणि देखभाल

प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, भोवतालचे तापमान, भार, अंतर, वारा आणि वापरलेली उत्सर्जनक्षमता लिहावी. उघड्यावर मोजताना वारा गरम जोडाला थंड करतो, हे वाचणाऱ्याला कळायला हवे. चित्र रेडिओमेट्रिक स्वरूपात जतन करावे, कारण मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रातून तापमान नंतर काढता येत नाही. चित्र अधूनमधून क्षणभर थबकते आणि टक्‌ असा आवाज येतो, तो बिघाड नसतो; कॅमेरा आतील पडदा समोर आणून स्वतःचे पिक्सेल जुळवून घेत असतो.

लेन्स मऊ कापडाने आणि उत्पादकाने सांगितलेल्या द्रवानेच पुसावी. कोळ्याचे जाळे लेन्ससमोर विणले गेले, तर चित्र अंधुक होते आणि पहाऱ्यावरचे लोक हवेला दोष देतात. दुरुस्त केलेला विद्युत जोड त्याच भाराला, त्याच कोनातून पुन्हा टिपावा आणि दोन्ही चित्रे एकाच पानावर ठेवावीत; वरच्या उदाहरणातील तिसरा लग आवळल्यावर ४७ अंशांना आला, तर काम झाले, आणि ६० ला थांबला, तर लग उघडून वायरीचे टोक जळले आहे का, ते पाहावे लागेल.